केमिकल इंजिनिअरिंगचं प्रॅक्टिकल : लॅब, सिम्युलेशन आणि कॅडमध्ये नक्की काय शिकायचं?



"केमिकलला ॲडमिशन मिळाली, आता कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" हा प्रश्न मला दरवर्षी ॲडमिशनच्या सीझनमध्ये हमखास येतो. कॉम्प्युटरवाले कोडिंग शिकतात, मेकॅनिकलवाले थ्रीडी मॉडेल बनवतात, सिव्हिलवाले प्लॅन काढतात, मग केमिकलवाल्यांनी काय करायचं? तेवढ्यात कोणीतरी व्हॉट्सॲपवर सर्टिफिकेट कोर्सची जाहिरात पाठवतं. 'शंभर टक्के प्लेसमेंट', फी काही हजार, आणि सोबत एका रंगीत प्लांटचा फोटो.

मी स्वतः केमिकल इंजिनिअरिंग शिकलोय आणि नंतर ज्युनियर मुलांना सिम्युलेशन शिकवायला मदतही केली आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : सॉफ्टवेअर नक्की शिका, पण लॅबमधल्या प्रयोगाला जोडून शिका. सिम्युलेटरला काहीही विचारलं तरी तो दशांशाच्या चार आकड्यांपर्यंत उत्तर देतो. ते उत्तर पटण्यासारखं आहे का, हे ओळखायची सवय मात्र थर्मामीटर हातात धरल्यावरच लागते. कसं, ते या लेखात एका खऱ्या उदाहरणावरून बघूया.

आधी एक गैरसमज

केमिकल इंजिनिअर म्हणजे केमिस्ट नाही. केमिस्ट चंचुपात्रात पदार्थ बनवतो. तोच पदार्थ रोज टनावारी, परवडेल अशा खर्चात आणि कोणाला इजा न होता कसा बनवायचा, हे केमिकल इंजिनिअरचं काम. म्हणून त्याच्या लॅबमध्ये टेस्ट ट्यूबपेक्षा पंप, पाइप, टाक्या आणि व्हॉल्व्ह जास्त दिसतात. आपल्याकडे मुंबईत माटुंग्याची आयसीटी, म्हणजे पूर्वीची यूडीसीटी, १९३३ पासून हे शिक्षण देते आहे, त्यामुळे महाराष्ट्राला हा विषय काही नवा नाही.

लॅबमध्ये काय काय असतं?

कॉलेजप्रमाणे थोडा फरक पडतो, पण प्रयोगांची यादी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. द्रवाचा प्रवाह, उष्णतेची देवाणघेवाण, पदार्थ वेगळे करणं, दळणं-चाळणं, रिॲक्टर आणि प्रोसेस कंट्रोल.

पहिला प्रयोग बहुधा रेनॉल्ड्सचा. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीतून पाणी सोडलं आणि त्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असेल तर धार दोऱ्यासारखी सरळ जाते, वेग वाढवला की ती डगमगते आणि मग पाण्यात पूर्ण मिसळते. रेनॉल्ड्स नंबर साधारण २१०० च्या खाली असेल तर प्रवाह शांत, ४००० च्या वर असेल तर खळबळीचा. वाचायला सोपं आहे. पण हिशोब करून बघा : २५ मिलीमीटर व्यासाच्या नळीत साध्या तापमानाचं पाणी शांत ठेवायचं असेल, तर मिनिटाला साधारण सव्वादोन लिटरपेक्षा जास्त सोडता येत नाही. या वेगाने १५ लिटरची बादली भरायला पावणेसात मिनिटं लागतील! आपल्या घरच्या नळाला आपण इतका वेळ कधी देतो? म्हणजे घरातल्या पाइपमध्ये पाणी बहुतेक वेळा खळबळीतच वाहत असतं.

हा प्रयोग फोनवर स्लो मोशनमध्ये शूट करा. धार कुठल्या क्षणी फुटते ते डोळ्यांना नीट दिसत नाही, व्हिडिओत दिसतं. एक काळजी मात्र घ्या. फोन फक्त पाण्याच्या प्रयोगांजवळ. मिथेनॉल, ॲसिटोन, टोल्यून असे ज्वलनशील द्रव जिथे उघडे असतील तिथे फोन बाहेरच ठेवायचा. प्लांटमध्ये तर गेटवरच फोन जमा करून घेतात, कारण साधा फोन स्फोटरोधक नसतो.

रिॲक्टरच्या लॅबमध्ये इथाइल ॲसिटेट आणि कॉस्टिक सोड्याची रिॲक्शन असते. ठरावीक मिनिटाला नमुना काढायचा, तो लगेच मोजून ठेवलेल्या जास्तीच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकायचा म्हणजे रिॲक्शन तिथल्या तिथे थांबते, आणि मग उरलेलं ॲसिड टायट्रेशनने मोजायचं. यात ग्रुपमधला एक जण घड्याळाकडे, एक पिपेटकडे आणि एक ब्युरेटकडे असं काम वाटून घ्यावं लागतं. तिघांपैकी एकाचं लक्ष गेलं की ग्राफमध्ये तो बिंदू बरोबर वेगळा पडतो. कॉम्प्युटरवर रिॲक्टर चालवताना घड्याळ आणि पिपेट दोन्ही नसतात, त्यामुळे तिथे प्रत्येक बिंदू रेषेवरच बसतो.

हीट एक्स्चेंजर आणि 'जुळवलेली' रीडिंग्ज

या प्रयोगावर मला थोडं जास्त थांबायचंय.

एका बाजूने गरम पाणी, दुसऱ्या बाजूने थंड पाणी, मध्ये धातूची भिंत. गरम पाण्याने जेवढी उष्णता दिली तेवढीच थंड पाण्याने घेतली पाहिजे, असं पुस्तक म्हणतं. आता समजा तुमची रीडिंग्ज अशी आली : गरम पाणी मिनिटाला ४ लिटर, ६० अंशावरून ५२ अंशावर उतरलं. थंड पाणी मिनिटाला ६ लिटर, २८ अंशावरून ३२.५ अंशावर चढलं. हिशोब केला तर दिलेली उष्णता येते सुमारे २.२३ किलोवॅट आणि घेतलेली १.८८ किलोवॅट. फरक ०.३५ किलोवॅट, म्हणजे जवळपास १६ टक्के.

इथे काय होतं ते प्रत्येक केमिकलवाल्याला माहीत आहे. सबमिशन जवळ आलेलं असतं, सीनियरची जुनी जर्नल हाताशी असते, आणि ३२.५ चं हळूच ३३.३ होतं. लगेच दोन्ही बाजू सारख्या! सर सही करतात, विषय संपतो.

पण तो फरकच तर शिकण्यासारखा होता. बघा ना, थंड पाण्याच्या दोन सेन्सरपैकी एक अर्धा अंश कमी आणि दुसरा अर्धा अंश जास्त दाखवत असेल, तर एकूण चूक १ अंशाची होते. मिनिटाला ६ लिटर पाण्यासाठी १ अंश म्हणजे ०.४२ किलोवॅट. म्हणजे तुमचा सगळा ०.३५ चा फरक नुसत्या सेन्सरच्या चुकीतही बसू शकतो. दुसरी शक्यता अशी की नळीवरचं इन्सुलेशन उघडं पडलंय आणि उष्णता खोलीत जातेय. तिसरी, रोटामीटरमध्ये क्षार साचलेत आणि तो प्रवाह चुकीचा दाखवतोय. यातलं नेमकं कोणतं, हे शोधायला फार काही लागत नाही. दोन्ही सेन्सर एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून सारखं दाखवतात का ते बघा. रोटामीटर तपासायला बादली आणि फोनचं स्टॉपवॉच पुरतं.

कंपनीत पहिल्या वर्षी तुम्हाला हेच काम मिळणार आहे. "एक्स्चेंजर नीट चालत नाहीये, बघ जरा." तिथे आधी मोजमाप तपासायचं, मग यंत्राला दोष द्यायचा. ज्याने चार वर्षं आकडे जुळवले त्याला हा क्रमच माहीत नसतो. व्हायवाला आलेले एक्सटर्नलही बऱ्याचदा हेच विचारतात : "तुमचा हीट बॅलन्स इतका परफेक्ट कसा आला?" याचं उत्तर कोणाकडे नसतं.

सिम्युलेटर म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर पूर्ण प्लांटचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर. स्क्रीनवर तुम्ही पंप, हीटर, कॉलम, रिॲक्टर ठेवता आणि त्यांना रेषांनी जोडता. कोणते पदार्थ, किती, किती तापमानाला आणि दाबाला येतात ते सांगता. सॉफ्टवेअर प्रत्येक यंत्रासाठी वस्तुमानाचा आणि उष्णतेचा ताळेबंद मांडतं. एखादा प्रवाह पुढून परत मागे येत असेल तर ते एक अंदाज धरून गोल गोल हिशोब करतं आणि आकडे बदलायचे थांबले की 'कन्व्हर्ज झालं' असं सांगतं.

हा 'कन्व्हर्ज' शब्द नीट समजून घ्या. त्याचा अर्थ इतकाच, की तुम्ही दिलेली समीकरणं सुटली. समीकरणं योग्य निवडली होती की नाही, हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते ॲस्पेन प्लसचं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९७० च्या दशकात सरकारी पैशातून एक प्रोजेक्ट झाला, त्यातून १९८१ मध्ये ॲस्पेनटेक कंपनी निघाली. तेल आणि गॅसवाल्यांचं आवडतं हायसिस मूळचं कॅनडातल्या कॅल्गरीचं, तेही पुढे ॲस्पेनटेककडे आलं. दोन्हींची लायसन्स महाग असतात, त्यामुळे विद्यार्थ्याला ती कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्येच भेटतात, तीसुद्धा आठवड्यातून दोन तास आणि एका पीसीवर तिघं.

फुकट पर्याय आहे डीडब्ल्यूसिम. ब्राझीलचे इंजिनिअर डॅनियल वॅग्नर मेडेरोस यांनी बनवलेलं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स आणि मॅकवर चालतं. त्याची मोबाइल आवृत्तीही आहे. शिकण्यासाठी मी नेहमी याचंच नाव सुचवतो. बटणं कुठे आहेत हा फरक सोडला तर विचार करायची पद्धत ॲस्पेनसारखीच आहे, आणि एकदा ती डोक्यात बसली की दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जायला फार दिवस लागत नाहीत.

एक उदाहरण : इथेनॉल आणि पाणी

आता मुख्य गोष्ट. हे उदाहरण मी मुद्दाम निवडलंय, कारण आपल्याकडे साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमध्ये रोज हेच चालतं आणि आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जाणारं इथेनॉल काही प्रमाणात तिथूनही येतं.

मळी आंबवली की साधारण ८ ते १० टक्के अल्कोहोल असलेलं पाणीदार द्रावण मिळतं. ते उकळून, वाफ वर नेऊन थंड करून अल्कोहोल वेगळं करायचं. याला डिस्टिलेशन म्हणतात हे शाळेतच शिकलोय. प्रश्न असा : उंच कॉलम लावून आपण ९९.९ टक्के शुद्ध अल्कोहोल काढू शकतो का?

डीडब्ल्यूसिम उघडा. पदार्थ निवडा : इथेनॉल आणि वॉटर. पुढच्याच पायरीला सॉफ्टवेअर विचारतं, प्रॉपर्टी पॅकेज कोणतं? नवीन मुलं इथे यादीतलं समोर येईल ते निवडतात आणि पुढे जातात. समजा तुम्ही 'राऊल्ट्स लॉ' निवडलं. हे सगळ्यात साधं मॉडेल आहे, दोन द्रवांचे रेणू एकमेकांशी अगदी आपल्यासारख्यांशी वागावं तसे वागतात असं ते धरून चालतं. आता कॉलम टाका, भरपूर प्लेट द्या, वरून परत सोडायचा द्रव म्हणजे रिफ्लक्स वाढवा. कॉलम कन्व्हर्ज होतो आणि वरून ९९.९ टक्के इथेनॉल निघतं! हिरवी खूण, सुंदर तक्ता, रिपोर्टमध्ये पेस्ट करायला एकदम तयार.

प्रत्यक्षात हे साध्या दाबाला शक्यच नाही. इथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण वजनाने साधारण ९५.६ टक्क्यांवर येऊन अडतं. तिथे ते ७८.२ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं आणि त्याच्या वाफेतही तेवढंच अल्कोहोल असतं जेवढं द्रवात आहे. वाफ आणि द्रव सारखेच असतील तर वेगळं काय करणार? याला ॲझिओट्रोप म्हणतात. तुम्ही १०० प्लेट लावा, पुढे जाता येत नाही. राऊल्ट मॉडेलला ही गोष्ट माहीतच नसते. त्या जागी एनआरटीएल हे मॉडेल निवडलं (रेनॉन आणि प्राउसनिट्झ यांनी १९६८ मध्ये मांडलेलं), तर तोच कॉलम ९५.६ च्या आतच थांबतो.

म्हणूनच डिस्टिलरीत कॉलमनंतर आणखी एक टप्पा असतो. इंधनाच्या इथेनॉलला किमान ९९.५ टक्के शुद्धता लागते. त्यासाठी वाफ मॉलिक्युलर सीव्ह नावाच्या बारीक छिद्रांच्या मण्यांमधून नेतात. पाण्याचा रेणू छिद्रात शिरून अडकतो, इथेनॉलचा मोठा रेणू शिरू शकत नाही आणि पुढे निघून जातो. राऊल्टवर विश्वास ठेवून कोणी प्लांटचा अंदाजखर्च काढला तर हा अख्खा टप्पाच कागदावरून गायब होईल. केवढ्याचा फटका, विचार करा.

आता लॅबकडे या. ॲझिओट्रोपपर्यंत जायचीही गरज नाही, साधा फ्लास्क आणि थर्मामीटर पुरतो. १०० रेणूंमध्ये १० इथेनॉलचे असं मिश्रण उकळा. ते साधारण ८६-८७ अंशाला उकळतं आणि पहिल्या वाफेत १०० पैकी सुमारे ४४ रेणू इथेनॉलचे असतात. राऊल्ट मॉडेल काय म्हणतं? उकळणार ९६-९७ अंशाला, आणि वाफेत इथेनॉल फक्त २० च्या आसपास. म्हणजे तापमानातच १० अंशांचा फरक! इतका फरक कुठल्याही स्वस्त थर्मामीटरवर दिसतो. गंमत अशी, की राऊल्ट इथे चुकतोय तो उलट्या दिशेने. पातळ द्रावणात तो अल्कोहोल काढणं आहे त्यापेक्षा अवघड दाखवतो आणि शेवटी शेवटी आहे त्यापेक्षा सोपं. त्यामुळे "थोडी सेफ्टी मार्जिन ठेवू" म्हणून हा घोळ निस्तरता येत नाही.

डीडब्ल्यूसिममध्ये 'बायनरी फेज एन्व्हलप' नावाचं टूल आहे. दोन्ही मॉडेलनी तो ग्राफ काढा आणि आपले लॅबचे चार बिंदू त्यावर बसवा. माझ्या मते संपूर्ण सिम्युलेशनच्या विषयात एकच प्रयोग करायचा झाला तर हा करावा. १९२५ मध्ये मॅककेब आणि थील यांनी एमआयटीत प्लेट मोजायची जी आलेखाची पद्धत दिली, तीही याच ग्राफवर पायऱ्या काढून करतात. एकदा तरी ती पेन्सिलने काढा. ॲझिओट्रोपजवळ पायऱ्या कशा बारीक बारीक होत जातात आणि पेन्सिल कुठेच पोचत नाही, हे हाताला कळतं.

तीन बारीक गोष्टी, ज्या मॅन्युअलमध्ये सहसा नसतात.

पहिली, दाब. सॉफ्टवेअर समुद्रसपाटीचा दाब धरतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे शुद्ध पाणी ९८ अंशाच्या आसपासच उकळतं. तुमचं कॉलेज पुणे, नाशिक किंवा साताऱ्याला असेल तर सॉफ्टवेअरमध्ये तिथला दाब टाका, नाहीतर दीड-दोन अंशांचा फरक उगाच छळत राहील.

दुसरी, शुद्धता कशाने मोजता ते. अनेक लॅबमध्ये रिफ्रॅक्टोमीटर असतो. इथेनॉल आणि पाण्याचा अपवर्तनांक आधी वाढतो आणि साधारण ८० टक्क्यांनंतर पुन्हा उतरतो. म्हणजे एकाच रीडिंगला दोन उत्तरं! वरच्या टोकाला घनता मोजणं बरं. शुद्ध इथेनॉलची घनता २० अंशाला ०.७८९, ॲझिओट्रोपची ०.८० च्या आसपास.

तिसरी, इथेनॉलवर एक्साइजची बंधनं असतात, त्यामुळे बऱ्याच कॉलेजांत त्याऐवजी मिथेनॉल वापरतात. मिथेनॉल आणि पाण्यात ॲझिओट्रोप नाही, म्हणून ती अडण्याची जागा दिसणार नाही. पण वाफेचा फरक तिथेही दिसतो : १० टक्के रेणू मिथेनॉलचे असतील तर वाफेत खरे सुमारे ४२, राऊल्टप्रमाणे तिशीच्याही आत. मिथेनॉल विषारी आहे, डोळ्यांची नजर कायमची घालवू शकतं. पिपेट तोंडाने ओढायची नाही, आणि एक्झॉस्ट फॅन चालू करायला लाजायचं नाही.

मग मॉडेल निवडायचं कसं? ढोबळ नियम असा : तेल, गॅस, एलपीजी अशा हायड्रोकार्बनसाठी पेंग-रॉबिन्सन. पाणी, अल्कोहोल, ॲसिटोन अशा एकमेकांशी जास्त लगट करणाऱ्या द्रवांसाठी कमी दाबाला एनआरटीएल किंवा युनिक्वॅक. इंटरव्ह्यूमध्ये हा प्रश्न ठरलेला असतो, आणि "सरांनी हेच सांगितलं होतं" हे उत्तर चालत नाही.

कॅड : इथे थ्रीडीपेक्षा आकृतीला महत्त्व

मेकॅनिकलच्या मित्राचं फिरतं थ्रीडी मॉडेल बघून केमिकलच्या मुलांना आपलं ड्रॉइंग अगदीच साधं वाटतं. रेषा, वर्तुळं आणि त्यात अक्षरं. पण प्लांटमध्ये सगळ्यात जास्त वापरला जाणारा कागद हाच. त्याला पी अँड आयडी म्हणतात. कोणता पाइप कुठून कुठे जातो, त्यावर कोणते व्हॉल्व्ह आहेत, कुठे काय मोजलं जातं, हे सगळं त्यात असतं.

वाचायला शिकणं अवघड नाही. वर्तुळात 'टीआयसी-१०१' लिहिलं असेल तर टी म्हणजे टेम्परेचर, आय म्हणजे इंडिकेट, सी म्हणजे कंट्रोल. तापमान दाखवणारा आणि सांभाळणारा १०१ नंबरचा कंट्रोलर. पी आला तर प्रेशर, एफ म्हणजे फ्लो, एल म्हणजे लेव्हल. 'पी-१०१ ए/बी' असं लिहिलेलं असेल तर तिथे एकसारखे दोन पंप आहेत, एक चालू आणि एक राखीव. एवढ्या ज्ञानावर कॉलेजच्या लॅबमधल्या कॉलमचं पी अँड आयडी काढून बघा. खरंच जाऊन पाइपला हात लावत, व्हॉल्व्ह मोजत काढायचं. पहिल्या प्रयत्नात ड्रेन व्हॉल्व्ह जवळपास सगळेच विसरतात.

सॉफ्टवेअर म्हणाल तर ऑटोकॅड सगळीकडे चालतं आणि विद्यार्थी असल्याचा पुरावा दिला की ऑटोडेस्क ते शिक्षणासाठी फुकट देतं. ते जमलं नाही तर लिब्रेकॅड आहेच, दुतर्फी ड्रॉइंगला पुरेसं.

ड्रॉइंग नसलं तर काय होतं याचं उदाहरण इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोचं आहे. तिथे नायलॉनसाठी लागणारं कॅप्रोलॅक्टम बनवणाऱ्या कारखान्यात सायक्लोहेक्झेनचे सहा रिॲक्टर एका ओळीत होते. १९७४ च्या मार्चमध्ये पाचव्या रिॲक्टरला तडा गेलेला दिसला. तो काढून टाकला आणि चौथा व सहावा जोडायला तात्पुरता २० इंची पाइप बसवला. रिॲक्टरची तोंडं मात्र २८ इंची होती. पाइपला मध्ये वाकण होतं आणि दोन्ही टोकांना लवचीक बेलो होते, त्यामुळे आतल्या दाबाने पाइप पिळला जाणार होता. तो हिशोब कोणी केला नाही. ड्रॉइंग म्हणून जे काही होतं ते वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेलं. १ जून १९७४ ला तो पाइप निखळला, सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला आणि २८ कामगार गेले. शनिवार होता, ऑफिस बंद होतं, म्हणून आकडा तेवढ्यावर थांबला. आज कंपनीत एक व्हॉल्व्ह जरी बदलायचा असेल तरी आधी पी अँड आयडीवर बदल दाखवून सह्या घ्याव्या लागतात. नवीन इंजिनिअरला तो कंटाळवाणा कागदी कारभार वाटतो. त्याच्या मागे असे अपघात आहेत.

फुकट कुठे शिकायचं?

आयआयटी बॉम्बेचा फॉसी नावाचा प्रकल्प डीडब्ल्यूसिमचा प्रसार करतो. त्यांच्या फ्लोशीटिंग प्रोजेक्टमध्ये विद्यार्थी एखाद्या खऱ्या प्रक्रियेचं सिम्युलेशन करून पाठवतात. तपासून मान्य झालं की ते विद्यार्थ्याच्या नावासह त्यांच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी ठेवलं जातं. रेझ्युमेवर अशी एक लिंक विकतच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलते, कारण समोरचा माणूस ती फाइल उघडून बघू शकतो. आयआयटी बॉम्बेचेच स्पोकन ट्युटोरियलचे छोटे व्हिडिओ आहेत, त्यातले बरेच मराठीतही डब केलेले आहेत.

केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्ज फोनच्या ब्राउझरमध्येही उघडतात. प्रयोगाच्या आदल्या रात्री वीस मिनिटं त्यावर घालवली तर दुसऱ्या दिवशी कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा हे माहीत असतं. प्रयोगाऐवजी ते वापरणं मला पटत नाही, कारण तिथला रोटामीटर कधी अडकत नाही.

आणि हो, ॲस्पेनची 'क्रॅक' फाइल टेलिग्रामवर फिरत असते. ती घेऊ नका. बेकायदा तर आहेच, वर इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या लॅपटॉपवर तुमचं यूपीआय आणि कॉलेजचं लॉगिन आहे त्यावर हा जुगार कशाला?

पैसे देऊन कोर्स करायचाच असेल तर आधी एकच प्रश्न विचारा : "प्रॉपर्टी पॅकेज कसं निवडायचं हे शिकवणार का, आणि उत्तर कशाशी पडताळून बघणार?" शिकवणारा गडबडला तर फी वाचली.

लॅपटॉप कोणता घ्यायचा?

हा प्रश्न राहिला तर लेख अपुरा वाटेल. केमिकलसाठी विंडोज लॅपटॉप घ्या, कारण ॲस्पेन आणि ऑटोकॅडची प्लांटसाठीची टूल्स विंडोजवरच चालतात. ८ जीबी रॅममध्ये भागतं, १६ असेल तर आराम. एसएसडी हवीच. गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डची केमिकलच्या अभ्यासाला गरज नाही, ते पैसे वाचवून एक बरं सायंटिफिक कॅल्क्युलेटर घ्या. परीक्षेत लॅपटॉप नेता येत नाही.